परवच्यातली माझी जागा

दादा,

तुझे दिवस पार पडले. आलेले लोक आपापल्या गावी गेले. वहिनी आता थोडं जेवते आहे, विजू तिच्याजवळ आहे, आणि मी काल ठाण्याला माझ्या खोलीवर परत आले. कुलूप काढलं, तळ्याच्या बाजूची खिडकी उघडली, चहा केला, आणि कप हातात घेऊन बसल्यावर लक्षात आलं की मला हलकं वाटतं आहे. रडून मोकळं झाल्यावर वाटतं तसं नव्हे. मी फार रडलेही नाही. ते बायकांनी पाहिलं आणि त्यावर आपसात बोलूनही झालं. हे वेगळं होतं. परक्या घरी पुष्कळ दिवस पाहुणी म्हणून अंग चोरून राहावं, मग आपल्या घरी येऊन पाय पसरावेत, तसं.

भाऊ गेल्यावर बहिणीला असं वाटावं, हे कुणाला सांगण्यासारखं नाही. मी सांगणाऱ्यातली नाहीच. "यमू बोलायची नाही, तिच्या पोटात विहीर आहे," असं तू वहिनीला म्हणायचास. त्या विहिरीतलं मी तुझ्यापाशी एकदा काढलं. निम्मंच काढलं. उरलेलं आज लिहिते आहे, कारण आता तू मला मधेच थांबवून "मुद्द्यावर ये" म्हणणार नाहीस.

तुझं शिक्षण, तुझी नोकरी, तू लावलेली झाडं, हे सगळं लोकांचं बोलून झालं. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला विजूचं गणित लिहायचं आहे.

बेचाळीस साली तू शिकवत होतास त्या शाळेच्या हेडमास्तरांनी चळवळीतल्या मुलांची नावं पोलिसांना दिली आणि त्याच दुपारी तू राजीनामा दिलास. पुढं स्वराज्य आलं. शाळेवर नवा झेंडा लागला, हेडमास्तर तेच राहिले. विजूला पाचवीत घालायची वेळ आली तेव्हा तू म्हणालास, "झेंडा बदलला, खुर्चीतला माणूस तोच आहे. माझी पोर त्याच्या हाताखाली शिकणार नाही." मी म्हटलं, दुसऱ्या शाळा आहेत की. तू म्हणालास, "मी आहे."

आणि खरंच तू होतास. कल्याणच्या लाकडाच्या वखारीत पत्रं लिहायची नोकरी धरली होतीस, पण तुझी खरी नोकरी घरी होती. सकाळी स्टेशनवर जाताना विजू तुझ्याबरोबर भातशेताच्या बांधानं चालायची. जाताना तू तिला एक गणित घालायचास, परतताना ती ते डोक्यात सोडवायची, आणि संध्याकाळी तू कल्याणहून उतरलास की उत्तर द्यायची. संस्कृताला वही चालायची, इतिहासाला चालायची. गणिताला पाटी नाही, वही नाही, बोटांवर मोजणंसुद्धा नाही. तोंडी आलं तर आलं. पावकी, निमकी, दिडकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड आणि साडेतीन यांचे पाढे, हे सगळं तिला नवव्या-दहाव्या वर्षी येत होतं. डोंबिवलीचे दुकानदार तिला पाहून तराजू सरळ करायचे.

मग तिनं तुला विचारलं, की ग्रहण अमक्या घटकेला लागणार, हे पंचांगवाल्यांना आधीच कसं कळतं? तू म्हणालास, त्याला मोठं गणित लागतं. ती म्हणाली, मग मला ते शिकवा. इथून सगळं सुरू झालं.

बाहेरून एस.एस.सी.ला बसायचं ठरलं होतं. मुलींना बीजगणित-भूमिती टाळून सोप्या अंकगणितावर सुटायची सोय होती. तिला ती नको होती. तू कुठूनतरी बीजगणिताचं जुनं पुस्तक आणलंस, आणि तेही तोंडीच शिकवायला लागलास.

एका रविवारी मी तुमच्याकडे आले तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती. बाहेरच्या खोलीतून काहीही आवाज येत नव्हता.

"वन्सं, तुम्ही तरी सांगा यांना," ती हळूच म्हणाली. "सकाळपासून पोर तशीच बसलीय. ना हसत, ना रडत."

"दादा रागावला का?"

"रागावले असते तर बरं होतं. थांबलेत."

तुझं ते थांबणं मला ठाऊक होतं. डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून तू थांबायचास. समोरच्याला वाटायचं, एखाद्या देवापुढं आपण काहीतरी विसरलो आहोत. मी बाहेर आले तशी विजू माझ्याजवळ सरकली.

"आत्या, पुस्तकात चूक आहे."

"काय चूक आहे?"

"दोन संख्या काढायच्या. बेरीज दहा, गुणाकार बावीस. सात नि तीन घेतले तर एकवीस. सहा नि चार घेतले तर चोवीस. साडेसहा औटं पावणेतेवीस, ते पण जास्त होतात. पावणेसात नि सव्वातीन घेतले तर बावीसला एक आणा कमी. मधे काहीच नाहीये."

दादा, हे तिनं डोक्यात केलं होतं. मी शिकवते त्या अकरावीच्या वर्गातल्या कुठल्याच मुलीला हे कागदावरसुद्धा इतकं जवळ नेता आलं नसतं. पण ते उत्तर कुठल्याच पाढ्यात नाही, आणि तोंडानं पुस्तकाला दोष दिला तरी मनातून तिला वाटत होतं की आपलंच डोकं कमी पडतं आहे.

मी तुला म्हटलं, "अरे, एखादा कागद दे तिला."

तू डोळे उघडलेस. "तू कधी घेतला होतास कागद?"

मी विजूचे केस सारखे करायला लागले.

"सांग ना तिला. तात्या परवच्याला हिशेब घालायचे तेव्हा काय होतं तुझ्या हातात?"

"वहिनी, आमटीला फोडणी देऊ का मी?" असं म्हणून मी आत गेले. आमटीला फोडणी घालून झाली होती.

आता ते परवच्याचं. तू विसरला नव्हतास. विसरला असतास तर विजूचे ते दिवस आलेच नसते. खडवलीला आपल्या घरात दिवेलागण झाली की हातपाय धुऊन आपण तात्यांपुढं बसायचो. आधी देवाचं, मग पाढे, आणि मग तात्यांचे तोंडी हिशेब. आपले वडील आणि गावच्या शाळेचे मास्तर, दोन्ही ते. दिवसभर चाळीस पोरांना शिकवून दमायचे, तरी आपल्या दोघांसाठी त्यांच्याकडे वेगळा दम राखलेला असे. तू भिंतीशी, हात गुडघ्यांवर. मी तुझ्यासमोर, परकर पसरून. तात्या हिशेब घालत, तू ओठ हलवत बसायचास, आणि मी उत्तर द्यायची. पुष्कळदा तू निम्म्या वाटेवर असायचास तेव्हाच मी द्यायची. मग तात्या म्हणायचे, "पोरीच्या जातीला येतं, आणि तुला काय धाड भरलीय?" तू कान धरून उंबऱ्याशी उभा. मी माझ्या जागेवर.

माजघराच्या त्याच कोपऱ्यात दुपारी आपली पानं मांडली जात. जेवणं झाली की रोज तिथं शेणानं सारवायचं, आणि ते काम माझं होतं. मुलग्याला सारवण कोण सांगणार? मी बाकीची जागा आधी सारवून घ्यायची आणि माझी बसायची जागा अगदी शेवटी, जरा जास्त पाणी घालून. दिवेलागणीपर्यंत ती वाळत नसे. त्यावर परकर पसरला की खाली माझा हात मोकळा. नखानं आकडे काढायची. वरचा खाली, हातचा बाजूला, सगळं शाळेतल्या पाटीवर करावं तसं. उठताना तळवा फिरवला की झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सारवण.

पहिल्यांदा केलं तेव्हा फसवायचं मनात नव्हतं. एक हातचा लक्षात राहीना म्हणून नखानं टिंब काढलं, इतकंच. त्या दिवशी तात्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला फार आवडला, दादा. त्यानंतर मी ते सोडू शकले नाही.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू ते असं जोडून कधी पाहिलं नसशील. माझं लग्न झालं, आणि लवकरच मी कपाळ पुसून परत आले. माझं पुढचं आयुष्य सगळ्यांनी चुलीमागं नेमून ठेवलं होतं. तात्या म्हणाले, "ही पोर तोंडी हिशेब करते. हिला मी चुलीपुढं बसवणार नाही." मला पुण्याला शिकायला पाठवलं ते त्या एका वाक्यावर. आणि तुला ओव्हरसियर व्हायचं होतं, पूल बांधायचे होते. नदीवरच्या रेल्वेच्या पुलाखाली तू तास न् तास बसायचास, कमानी मोजत. तात्या म्हणाले, "माधवा, त्याला गणित लागतं. ते तुझ्या डोक्यात नाही." तू संस्कृत घेतलंस. भांडला नाहीस. तुझाही विश्वास बसला होता.

आणि त्याच विश्वासानं तू विजूला पाटी नाकारत होतास. तिनं तुझ्यासारखं होऊ नये, माझ्यासारखं व्हावं, म्हणून.

मे महिन्यात वहिनीनं तिला माझ्याकडे पाठवलं. "पापड लाटायला मदत होईल," असं तुला सांगून. मी ठरवलं होतं, गुपचूप कागदावर शिकवून टाकीन. मला तोंड उघडावं लागणार नाही आणि पोरीचं काम होईल. मी तिच्यापुढं कागद ठेवला, पेन्सिल ठेवली. तिनं दोन्ही बाजूला सरकवलं.

"तुम्हाला लागला नव्हता. मग मला का लागावा?"

"अगं, हे गणित वेगळं आहे."

"अण्णा म्हणतात, तुम्हाला कुठलंही यायचं." मग जराशानं म्हणाली, "मी अण्णांवर गेलेय ना. ते स्वतःच म्हणतात, आमच्या घरात गणित एकट्या आत्याच्याच वाट्याला आलं. मी फॉर्म भरताना सोपं अंकगणित घेईन म्हणते."

"आणि ग्रहण?"

"ते पंचांगात छापलेलं असतंच की."

ती हे अगदी शहाण्यासारखं म्हणाली. रडून म्हणाली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं आणि पुन्हा गप्प बसले असते. मी पापडाचं पीठ झाकून ठेवलं, तिला म्हटलं चप्पल घाल, आणि मिळाली त्या गाडीनं तिला घेऊन डोंबिवलीला आले.

तू ओट्यावर वाचत बसला होतास. विजूला मी विहिरीवर वहिनीकडं पाठवलं.

"दादा, मला एक तोंडी हिशेब घाल."

"या वयात?"

"घाल तर."

तू हसलास. "सव्वासहा शेर तूप, शेराला पावणेतीन रुपये. किती झाले?"

मी तुझ्यासारखे हात गुडघ्यांवर ठेवले, डोळे मिटले. सहा धरले की पाव निसटायचा, पाव धरला की पाऊण निसटायचं. वर्गात फळ्यावर गणित शिकवून माझे केस पांढरे झालेत, पण खडूशिवाय मी कुणीच नाही. तू वाट पाहिलीस, आणि मग माझी कीव येऊन म्हणालास, "सतरा रुपये तीन आणे. दमलीयस तू."

"दमले नाही. मला येत नाही. कधीच येत नव्हतं."

आणि मग सांगितलं. सारवणाचं, परकराचं, नखाचं. बोलायला लागले तेव्हा वाटलं होतं पुष्कळ वेळ लागेल. फार थोडक्यात संपलं.

तू ओट्याच्या फरशीकडे बघत होतास.

"तात्यांना कळलं होतं?"

"नाही."

"आईला?"

"कळलं असावं. ती माझ्या जागेवर कधी बसली नाही."

"म्हणजे तू लिहीत होतीस."

"हो."

"आणि मी खरंच तोंडी करत होतो."

"हो."

"माझी निम्मी तरी बरोबर यायची."

"निम्म्याहून जास्त."

तू उठलास, टोपी घातलीस आणि निघून गेलास. वहिनी कळशी घेऊन आली.

"हे कुठं गेले?"

"पान खायला."

"हे कधीपासून पान खायला लागले?"

विजूला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तिला सांगताना मला जास्त लाज वाटली. ती नीट ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे मी लिहिलं तर चालेल?" इतकंच. तुझ्यामाझ्या जन्माचं ओझं तिनं एका ओळीत उतरवून ठेवलं. पण लगेच पुढं म्हणाली, "अण्णांनी सांगितल्याशिवाय नाही लिहिणार हं मी." तुझीच पोर.

मग तू बोलेनास. त्यानंतरच्या रविवारी मी आले तर तू टिटवाळ्याला गेला होतास. त्याच्या पुढच्या रविवारी कुणा मित्राकडं. गणपतीला जाऊन येणारा माणूस तू कधीच नव्हतास, म्हणून वहिनीही काय ते समजली. फॉर्म भरायचे दिवस जवळ येत होते. विजूची पुस्तकं मिटलेली होती. ती आईबरोबर लोणची घालत होती. मला वाटलं, सांगून मी काय मिळवलं? पोरीचं गणित सुटलं नाही, आणि भावाकडे वडिलांवरचा जो विश्वास उरला होता तोही मी काढून घेतला. खरं बोललं की बरं वाटतं म्हणतात. मला त्या दिवसांत तसं काही वाटलं नाही, हे लिहून ठेवते.

एका शनिवारी दुपारी शाळा सुटून मी खोलीवर आले, तर तू दाराबाहेर उभा. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. आत आलास, पाणी प्यायलास, कागद सोडलास. नवी पाटी होती.

"विजूला?"

"नाही, मला. घाल पहिलं गणित."

"अरे, तिला मी शिकवते की. तू कशाला?"

"माझी पोर मी शिकवणार," तू म्हणालास. "तू मला शिकव."

तुझी पन्नाशी जवळ आली होती. तुझा हात पाटीवर पोरासारखा वळत होता. पेन्सिल किरकिरली की तू दचकायचास. मी तेच गणित घातलं, बेरीज दहा आणि गुणाकार बावीस. म्हटलं, दोन्ही संख्या सारख्या असत्या तर पाच-पाच झाल्या असत्या. त्या सारख्या नाहीत, म्हणून एक पाचाच्या थोडी वर, दुसरी तेवढीच खाली. त्या थोड्याला नाव दे. तू क्ष लिहिलंस. गुणाकार मांडलास. पंचवीस वजा क्षचा वर्ग, बरोबर बावीस. मग तू स्वतःच म्हणालास, "म्हणजे क्षचा वर्ग तीन." आणि माझ्याकडे पाहिलंस. तुझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं, आणि मला चहा टाकायला उठावं लागलं.

तू जागेवरूनच ओरडून विचारलंस, "मग क्ष किती?"

"तिनाचं वर्गमूळ."

"ते किती?"

"तिनाचं वर्गमूळच."

"हे म्हणजे, तुझं नाव काय तर माझं नाव, असं झालं."

"किंमत काढत बसलास तर ती संपायची नाही. म्हणून तसंच लिहायचं आणि पुढं जायचं."

"जे संपत नाही त्याला उत्तर कसं म्हणायचं?"

हे भांडण आपलं शेवटपर्यंत चाललं. तुला ते चिन्ह म्हणजे पळवाट वाटायची. मला वाटायचं, माणसानं कुठंतरी थांबावं. कुणाचं बरोबर ते ठरलं नाही, आणि आता ठरायचं नाही.

तुझ्या शनिवारांनी माझं घर बदललं. तू माझ्याकडून शिकून जायचास आणि आठवडाभर विजूला शिकवायचास, त्याच बांधानं, आता पाटी घेऊन. वखारीतल्या लोकांनी तुला "नवीन विद्यार्थी" म्हणून चिडवलं, ते तू मला फार ऐटीत सांगितलंस. पण एक खोड तू सोडली नाहीस. पाटीवरची प्रत्येक ओळ तू तिला मराठीत म्हणायला लावायचास. नुसती चिन्हं उतरवून पुढं जायचं नाही. हे काय झालं, का झालं, ते तोंडानं सांग.

"हे गणित आहे की कीर्तन?" मी म्हणायची. "वेळ जातो. परीक्षेत कोण विचारणार आहे?"

"मी विचारतो."

तू बरोबर होतास, दादा. हे मी तुला कधी कबूल केलं नाही. त्या म्हणण्यामुळंच विजूला बीजगणित कळलं. नुसतं लिहून ते माझ्या पुष्कळ मुलींना येतं पण कळत नाही. आता माझ्या वर्गात मी प्रत्येक मुलीला तिची ओळ म्हणायला लावते. मुली कंटाळतात, मी ऐकत नाही. इन्स्पेक्टरबाईंनी कौतुक केलं तेव्हा मी तुझं नाव सांगितलं नाही. तेही माझ्या हिशेबात धर.

परीक्षेला विजू माझ्याकडेच होती. बीजगणिताचा पेपर देऊन ती बाहेर आली, तू झाडाखाली पंचा खांद्यावर टाकून उभा होतास. "एक चुकलं," ती म्हणाली, "पण कुठं चुकलं ते मला माहीत आहे." तू तिला काही विचारलं नाहीस. तुला हवं ते मिळालं होतं. आज ती मुंबईला कॉलेजात गणितच घेऊन शिकते आहे, आणि ग्रहणाचं विचारलं तर आपल्याला कंटाळा येईपर्यंत सांगते.

हे सगळं नीट झालं, म्हणून मला हलकं वाटतं आहे असं कुणी समजेल. तसं नाही. एक गोष्ट राहिली होती. तुला मी माझी लबाडी सांगितली. तू मठ्ठ नव्हतास, हे सांगितलं नाही. ती दोन वाक्यं वेगळी आहेत. पहिलं विजूसाठी बोलले, तिचा फॉर्म अडला होता म्हणून. दुसरं फक्त तुझ्यासाठी होतं, आणि त्याला कसलीच घाई नव्हती, म्हणून ते राहत गेलं. तात्यांनी तुला जे म्हटलं ते मी त्यांच्या तोंडात घातलं होतं. तुझ्या डोक्यात गणित होतं. पूल बांधण्याइतकं होतं.

तुझा दमा वाढला तेव्हा मी एकदा धीर केला होता. तू उशीला टेकून बसला होतास. मी म्हटलं, "दादा, लहानपणी मी जे केलं…" तू म्हणालास, "ती खिडकी लोटून घे, वारा येतोय." मी खिडकी लोटली. मग तू विजूला हाक मारलीस, "आत्याला काहीतरी खायला दे गं, सकाळपासून उभी आहे." क्षमा केलीस की विषय टाळलास, मला ठाऊक नाही. त्यातून जेवढं घेता आलं तेवढं मी घेतलं.

आता शेवटचं. तुझ्या दिवसांतली गोष्ट आहे, तू नव्हतास म्हणून सांगते. दुपारी सगळे बसले होते. तात्यांचे धाकटे भाऊ, आपले बाबूकाका, खडवलीहून आले होते. डोळ्यांना दिसत नाही पण आठवणी सगळ्या जागेवर. ते म्हणाले, "माधवा माणूस लाखाचा. गणितात मात्र बिचारा कच्चा. घरातली हुशारी सगळी यमूनं नेली." लोकांनी माना डोलावल्या. असल्या वेळी मी खाली बघायची. इतकी वर्षं तेच केलं. त्या दिवशी मला वाटलं, आपण ते सगळं बोलण्याआधीच तू गेला असतास तर मला मरेपर्यंत एकटीनं हुशार राहावं लागलं असतं.

मी म्हटलं, "काका, परवच्याला मी जमिनीवर नखानं लिहायची. तोंडी हिशेब दादा करायचा."

"काय म्हणते ही?"

"दमल्यात त्या," वहिनी म्हणाली.

"नाही, आजोबा," विजू बोलली. "आत्या खरं सांगतायत. अण्णांना तोंडी यायचं. मी त्यांच्याबरोबर रोज करायची."

काकांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मग, जसं साधंच काही विचारावं तसं, म्हणाले, "मग त्याला ओव्हरसियर का नाही केला?"

तात्या नाहीत, आई नाही, तूही नाहीस. उत्तर देणारं घरात एकच माणूस उरलं होतं.

"माझ्यामुळं," मी म्हटलं.

सगळ्यांसमोर हे बोलले की काय होईल, याची मला जन्मभर भीती होती. काकांनी माझ्या दिशेनं मान वळवली. विजू उठून माझ्याजवळ येऊन बसली. वहिनी उठून आत गेली आणि थोड्या वेळानं तिनं तिथूनच विचारलं, "वन्सं, तुमच्यासाठी भात टाकू का?"

मी हो म्हटलं. तू गेल्यापासून मला पहिल्यांदाच भूक लागली होती. पोटभर जेवले, दादा.

तुझी
यमू